अट्राबिलियारिओस
कोलंबियाची शिल्पकार डोरिस साल्सेडो (जन्म १९५८, बोगोटा) हिची शिल्पमालिका. काळ साधारण १९९० च्या दशकाची सुरुवात. पण ही एकच वस्तू नाही, वेगवेगळ्या म्युझियममध्ये तिचे वेगवेगळे संच आहेत आणि प्रत्येकापुढे साल वेगळं लिहिलेलं सापडतं, त्यामुळे एकच साल ठोकून देण्यापेक्षा '१९९२ च्या आसपास सुरू' म्हणणं बरं.

कोलंबियात त्या काळात माणसं उचलून नेली जायची आणि मग पत्ताच लागायचा नाही. सामूहिक कबरी उघडल्या की बऱ्याचदा ओळख पटायची ती पायातल्या बुटांवरून. साल्सेडो अशा बेपत्ता माणसांच्या घरच्यांना भेटत राहिली, त्यांनी दिलेले जुने बूट तिने वापरले, बहुतेक बायकांचे. भिंतीत छोटे कोनाडे पाडायचे, त्यात बूट ठेवायचा, कधी जोडी तर कधी एकच, आणि वरून जनावराच्या आतड्यासारखा दिसणारा अर्धपारदर्शक पडदा ताणून ऑपरेशनच्या काळ्या दोऱ्याने भिंतीलाच शिवून टाकायचा. टाके मुद्दाम जाडेभरडे, जखम घाईत शिवल्यासारखे. पडद्याआड टाच कळते, पट्टा कळतो, पण रंग नीट लागत नाही. काही मांडण्यांत त्याच पडद्याच्या रिकाम्या पेट्या खाली जमिनीवर असतात.

हा पडदा नक्की कशाचा यावर एकमत नाही. समीक्षक सहसा गाईचं मूत्राशय म्हणतात, म्युझियमच्या नोंदींत मात्र बहुधा नुसतं 'प्राणिज तंतू' असतं, आणि ते जास्त सुरक्षित वाटतं. नावाबद्दल फारसा वाद नाही, लॅटिनमधलं काळं पित्त, म्हणजे जुन्या वैद्यकातलं उदासीचं मूळ.

याला कन्सेप्च्युअल, म्हणजे कल्पनाप्रधान कला म्हणायचं का? कल्पना आधी आणि वस्तू नंतर असा हिशोब इथे जमत नाही, कारण बूट खरे आहेत आणि शिवणकाम हाताचं आहे. तरी सोयीसाठी तिथेच टाकतात.

पुढच्या कामांत आकार वाढला. २००२ मध्ये बोगोटाच्या न्यायालयाच्या भिंतीवरून ५३ तासांत २८० खुर्च्या हळूहळू खाली सोडल्या, १९८५ च्या नोव्हेंबरमधल्या तिथल्या हत्याकांडाच्या आठवणीत. २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या म्युझियमच्या फरशीत १६७ मीटरची भेग पाडली. २०१८ च्या 'फ्राग्मेंतोस'मध्ये फार्क या कोलंबियातल्या बंडखोर संघटनेची ३७ टन शस्त्रं वितळवून फरशा ओतल्या, आणि त्यांचे साचे युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांनी हातोड्याने ठोकून घडवले.