वेतनगुलामी

मजुरीवर जगणारा कामगार गुलामासारखाच, असं सांगणारा शब्द. अर्थ सगळ्यांना माहीत आहे, वाद आहे तो उगमाचा. काही जण तो सरळ मार्क्सच्या नावावर टाकतात पण ते पटत नाही, कारण ही तुलना त्याच्या आधीच गिरण्यांमधे रुळली होती. रिचर्ड ओस्टलर स्वतः गुलामगिरीविरोधी, त्याने १८३० मधे लीड्सच्या पेपरात पत्र लिहून यॉर्कशरच्या गिरण्यांत राबणाऱ्या पोरांची अवस्था गुलामीच ठरवली. अमेरिकेत लोवेल या गिरणगावातल्या कामगार मुली १८३६ च्या संपात 'मी गुलाम होणार नाही' असं गात रस्त्यावर उतरल्या. 'वेतनगुलामी' हा नेमका शब्द मात्र बहुधा १८४० च्या आसपास रुजला असावा, आणि तेव्हाही 'गोरी गुलामी' हेच जास्त चालायचं असं एक मत आहे, ते जास्त बरोबर वाटतं. जॉर्ज हेन्री इव्हान्स या कामगार पुढाऱ्याने १८४४ मधे 'गोरी गुलामी' हेच शब्द वापरलेत. हा फरक साधा नाही, 'गोरी' म्हटलं की तक्रार गुलामीबद्दल राहतच नाही, गोऱ्याच्या वाट्याला ती का आली एवढीच उरते.

लोवेलमधे गुलामी आणि मजुरी हे दोन्ही धागे एकत्र दिसतात. कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला, सूत या मुलींचं, आणि त्यातलं जाडंभरडं कापड परत गुलामांच्याच अंगावर, तिकडे त्या कापडाला 'लोवेल' असंच म्हणायचे.

गुलामगिरीविरोधी गटही कामगारांबाबत कोरडाच होता. त्या गटाचा पुढारी गॅरिसन, त्याने आपल्या 'लिबरेटर' या पत्राच्या पहिल्याच अंकात (१ जानेवारी १८३१) कामगारांना श्रीमंतांविरुद्ध भडकवणाऱ्यांवर टीका केली.

मजुरी ही गुलामीच का, या वादात सगळ्यात वजनदार साक्ष फ्रेडरिक डग्लसची, तो स्वतः गुलाम होता. बाल्टिमोरला गोदीत गलबतांच्या फटी बुजवून मिळालेली आठवड्याची मजुरी मालकाच्या हातावर ठेवावी लागायची, तिथेच गोऱ्या कामगारांनी त्याला बेदम मारलंही होतं. १८३८ मधे पळून न्यू बेडफर्डला आला तर गोऱ्या कारागिरांच्या विरोधामुळे तेच काम मिळेना, मग पडेल ती हमाली केली, पण कमाई पहिल्यांदाच सगळी त्याची स्वतःची होती. तुलना कुठे तुटते ते इथे दिसतं.

अमेरिकेत १८६५ मधे गुलामगिरी कायद्याने गेली, १८६६ मधे नॅशनल लेबर युनियन ही देशव्यापी कामगार संघटना आली आणि आठ तासांच्या कामाच्या दिवसाची मागणी पुढे आली. तरी काळ्या कामगारांना १८६९ मधे आयझॅक मायर्सच्या पुढाकाराने वेगळी युनियन काढावी लागली.

महाराष्ट्राशी धागा जोतीराव फुल्यांचा, त्यांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांचेच सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईचे गिरणी कामगार संघटित केले. संघटनेचं साल कोणी १८८४ देतात कोणी १८९०, पण १८८४ च्या कामगार सभा वेगळ्या आणि संघटना नंतरची, असं धरणं सुरक्षित.