गवत मेलं, मग माणसं

१७८३ साली ८ जूनला रविवार होता, आणि ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्टचा सण. आइसलँडच्या दक्षिणेला क्लॉइस्तुर नावाच्या वस्तीवर त्या सकाळी आकाश अगदी स्वच्छ होतं. नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या डोंगरांमागून एक काळा ढग वर आला आणि बघता बघता डोक्यावर पसरला. घरात दिवसाढवळ्या अंधार झाला. बाहेर कोळशाच्या भुकटीसारखी राख पडू लागली, तिच्यावर पावसाची भुरभुर झाली आणि अंगणात शाई सांडल्यासारखं काळं पाणी साचलं.

हे सगळं आज आपल्याला इतकं बारकाईनं ठाऊक आहे, कारण त्या वस्तीचे धर्मगुरू योउन स्टेइनग्रिम्सन यांनी ते लिहून ठेवलं. आइसलँडमधल्या आपत्तींबद्दल वाचायला लागलं की काही दिवसांतच लक्षात येतं, या देशाचा खरा खजिना त्याच्या नोंदी आहेत. शेतकरी, पाद्री, कोळी, ज्यानं जे पाहिलं ते त्यानं लिहिलं. आजचं भूशास्त्र त्या वह्यांच्या आधारानं बऱ्याच गोष्टी उलगडतं.

तो काळा ढग लाकी या ज्वालामुखीचा होता. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर येतो. इथे तसं काही झालं नाही. इथे जमीन शिवण उसवावी तशी उसवली. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग, म्हणजे लोकलनं दादरहून कळव्यापर्यंत जितकं अंतर, साधारण तितकी. तिच्यावर १३० च्या आसपास विवरं. तिथून आठ महिने, १७८४ च्या ७ फेब्रुवारीपर्यंत लाव्हा वाहत राहिला. साधारण १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर आला आणि त्यानं सुमारे ६०० चौरस किलोमीटर जमीन झाकली.

जमीन तिथे अशी का फाटते, हे सांगायला फार वेळ लागत नाही. उत्तर अमेरिकेचं भूपट्ट आणि युरेशियाचं भूपट्ट ही दोन्ही या बेटाखाली एकमेकांपासून दर वर्षी साधारण २ सेंटीमीटर दूर सरकतात. त्यातच बेटाच्या खाली खोलवरून तप्त खडकाचा झोत वर येत असतो. शिवण ताणलेली आणि खालून आच, असा दुहेरी प्रकार. आकारानं महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या या देशात जवळपास तीस ज्वालामुखी प्रणाली जाग्या आहेत.

आपण मराठी माणसांनी लाकीकडे जरा आपुलकीनं पाहायला हरकत नाही. सह्याद्रीचा जो काळा कातळ आपण किल्ल्यांच्या तटात, घाटाच्या कापलेल्या कड्यात, देवळाच्या पायरीत बघतो, तो याच जातीच्या उद्रेकांतून आलेला बेसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर असे लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. दख्खनचा पसारा अर्थात लाकीच्या कैक हजार पट मोठा. पण असा उद्रेक होताना हवेचं, पाण्याचं, गवताचं काय होतं, हे माणसानं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं सगळ्यात तपशीलवार उदाहरण लाकीचंच आहे.

जुलैत लाव्हा नदीच्या दरीतून क्लॉइस्तुरच्या दिशेनं सरकत होता. २० जुलैच्या रविवारी स्टेइनग्रिम्सननी चर्चमध्ये प्रार्थना घेतली. इथे पुन्हा भेट होईल की नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. प्रार्थना झाल्यावर लोक बाहेर आले तर लाव्हाचं तोंड जिथल्या तिथे थांबलेलं. आइसलँडमध्ये आजही तो 'अग्निप्रवचना'चा दिवस म्हणून ओळखला जातो. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्याच्या पुढच्या ओळींमुळे. देवाचे आभार मानून तो थांबला नाही. लाव्हानं अडवलेल्या नद्या बांध ओलांडून त्या आगीवर कोसळत होत्या आणि तिला विझवत होत्या, हेही त्यानं बघितलं आणि लिहिलं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

लाव्हा दिसतो भयंकर, पण येतो हळू. माणूस गाठोडं उचलून बाजूला होऊ शकतो. लाकीनं जे मारलं ते गवतातून मारलं.

उद्रेकातून वर येणाऱ्या वायूंमध्ये हायड्रोजन फ्लोराइड असतो. हवेत उडालेल्या राखेच्या कणांवर तो चिकटतो. कण जितका बारीक, तितका त्याच्या वजनाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, म्हणून दूरवर जाणारी पिठासारखी राखच जास्त विषारी. ती कुरणांवर बसली. मेंढी गवत अगदी जमिनीलगत खुडते, त्यामुळे राखेसकट सगळं पोटात जातं. फ्लोराइड रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हाडांत, दातांत जाऊन बसतं. स्टेइनग्रिम्सनच्या वर्णनात घोड्यांच्या पाठीवरची कातडी कुजली आहे, शेपटीचे केस ओढले की हातात येतात, गुरांच्या सांध्यांवर कठीण गाठी आल्या आहेत, मेंढ्यांचे जबडे सुजले आहेत. आज पशुवैद्यकाचा विद्यार्थी हे वाचून लगेच सांगेल: फ्लोरोसिस. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पिवळे-तपकिरी पडलेले दात आणि वाकलेले पाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या रोगाची ओळख वेगळी करून द्यायला नको. तिकडे तो वर्षानुवर्षं मुरतो, आइसलँडमध्ये तो एका उन्हाळ्यात कोसळला.

त्या काळी आइसलँडमध्ये धान्य जवळपास पिकतच नव्हतं. सगळा संसार गवतावर: गवत, त्यावर मेंढ्या आणि गाई, त्यांचं दूध, मांस, लोकर. देशातली ८० टक्क्यांच्या आसपास मेंढरं मेली, गाई आणि घोडेही निम्मे किंवा त्याहून जास्त गेले. घोडे गेले म्हणून किनाऱ्यावरून मासे आणायचीही सोय राहिली नाही. लोकांनी चामड्याचे दोर आणि जोडे शिजवून खाल्ले. लोकसंख्या होती पन्नास हजारांच्या आसपास. पुढच्या दोन-तीन वर्षांत पाचातला एक माणूस गेला. या काळाला आइसलँडच्या भाषेत जे नाव पडलं त्याचा अर्थ होतो 'धुक्याचे हाल'.

देश तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होता. कोपनहेगनहून मदतीचं जहाज निघालं, पण हिवाळ्यात नॉर्वेत अडकलं आणि पोचलं ते १७८४ च्या वसंतात. स्टेइनग्रिम्सनकडे सरकारी मदतीच्या पैशांची सीलबंद पेटी सोपवली होती, ती अधिकाऱ्याकडे नेऊन द्यायची होती. वाटेत त्यांनी सील तोडलं आणि पैसे गुरं विकत घ्यायला शेतकऱ्यांना वाटले. त्यांची बायको त्याच वर्षी वारली. या अपराधाबद्दल त्यांना दंड झाला आणि जाहीर माफी मागावी लागली. अडीचशे वर्षं होत आली, तरी हे वाचताना राग येतो.

लाकीचं धुकं बेटापुरतं राहिलं नाही. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. तो वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब झाले. युरोपभर त्या उन्हाळ्यात कोरडं, दर्प येणारं धुकं पसरलं, सूर्य तांबूस दिसू लागला, इंग्लंडमध्ये शेतात राबणारी माणसं आजारी पडून मेली. त्यानंतरचा हिवाळा अतिशय कडक गेला. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा पॅरिसला होते. या कोरड्या धुक्याचा आणि थंडीचा संबंध आइसलँडमधल्या ज्वालामुखीशी असू शकतो, असा तर्क त्यांनी १७८४ मध्ये मांडला. उत्तरेकडची जमीन कमी तापली की दक्षिणेकडून पाऊस ओढून आणणारा जोरही घटतो. त्या वर्षी आफ्रिकेतला पाऊस कमी झाला, नाईलला पाणी आलं नाही आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांतून हा धागा बराच स्पष्ट झाला आहे. त्याच सुमारास उत्तर भारतात 'चालिसा' दुष्काळ पडला (विक्रम संवत १८४०, म्हणून चालिसा). त्याच्या कारणांत एल निन्योचं नाव आधी घेतलं जातं. लाकीचा हात त्यात किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

लाकी हा आइसलँडचा पहिला घाव नव्हता. वस्ती होऊन सव्वादोनशे वर्षं झाली होती तेव्हा, ११०४ साली, हेक्ला ज्वालामुखीच्या राखेनं एक अख्खी दरी उजाड केली. तिथलं स्तोंग नावाचं शेतघर १९३९ मध्ये उत्खननात सापडलं. १३६२ मध्ये एका हिमाच्छादित ज्वालामुखीनं दक्षिणेकडचा सुपीक मुलूख इतका पुसून टाकला की पुढे त्याचं नावच 'ओराय्वी' पडलं, म्हणजे ओसाड रान. १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखीची राख पूर्वेकडच्या शेतांवर पडली आणि कित्येक कुटुंबं कॅनडाला निघून गेली.

बर्फाखाली ज्वालामुखी फुटला की आणखी एक संकट येतं. वितळलेलं पाणी हिमनदीच्या पोटात साठत जातं आणि एक दिवस बांध फुटल्यासारखं बाहेर पडतं. आइसलँडच्या भाषेतला त्याचा शब्द 'योकुलहलॉप', हिमनदीची धाव, आता जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. नोव्हेंबर १९९६ मध्ये अशा पुरानं दर सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या पुढे पाणी वाहिलं आणि महामार्गावरचे पूल तोडले. पिळवटलेल्या पोलादी तुळया रस्त्याच्या कडेला अजून ठेवलेल्या आहेत. त्या पुरात माणूस एकही दगावला नाही. पाणी साठतंय हे आधीपासून मोजलं जात होतं, रस्ता बंद केलेला होता.

माणसं गेली ती मात्र आदल्या वर्षी, आणि आगीनं नाही. जानेवारी १९९५ मध्ये सुदाविक या मासेमारीच्या गावावर हिमकडा कोसळून १४ जण गेले, ऑक्टोबरात फ्लातेरीवर कोसळून २०. दोन्ही गावं मिळून काही शे वस्तीची. त्यातली कित्येक घरं धोक्याच्या नकाशाबाहेर, सुरक्षित समजल्या गेलेल्या जागेवर होती. त्यानंतर कायदा बदलला, नकाशे नव्यानं आखले गेले, गावांच्या वर डोंगरउतारावर मातीचे प्रचंड बांध घातले गेले.

आता ती ओळ. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री दोनच्या सुमारास दक्षिणेकडच्या हेइमाई बेटावर गावाच्या कडेलाच जमीन फाटली. वस्ती ५,३०० च्या आसपास. आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून मासेमारीच्या होड्या बंदरातच होत्या. नशीब म्हणायचं ते याला. काही तासांत जवळजवळ सगळं गाव होड्यांत बसून निघालं. पण लाव्हा बंदराच्या तोंडाकडे वळला. बंदर बुजलं असतं तर परत येण्यात अर्थच उरला नसता, कारण देशातल्या मोठ्या मासळी बंदरांपैकी ते एक. थोर्बयोर्न सिगुरगेइर्सन या भौतिकशास्त्रज्ञानं समुद्राचं पाणी लाव्हावर मारायचा आग्रह धरला. पाणी पडलं की लाव्हाची कड थिजते आणि तीच मागच्या लाव्हाला भिंत होते. नद्यांनी १७८३ मध्ये केलं ते इथे पंपांनी केलं. महिनोन्‌महिने, ६० लाख घनमीटरच्या आसपास पाणी. सुमारे ४०० घरं गेली, पण बंदर वाचलं, उलट आडोसा मिळून आधीपेक्षा बरं झालं. थंड होत गेलेल्या त्या लाव्हाच्या उष्णतेवर पुढे कित्येक वर्षं गावानं घरं गरम ठेवली.

आइसलँडच्या नैऋत्येचा रेक्यानेस द्वीपकल्प आठशे वर्षं निजलेला होता. तो २०२१ मध्ये उठला. १० नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंदाविक हे पावणेचार हजार वस्तीचं गाव एका रात्रीत रिकामं केलं. जमिनीखाली वितळलेल्या खडकाची १५ किलोमीटर लांब पाचर सरकते आहे, हे भूकंपमापकांवर दिसत होतं. उद्रेक झाला तो पाच आठवड्यांनी. जानेवारीत लाव्हानं गावातली तीन घरं जाळली, तेव्हा त्यांत कुणी नव्हतं.

आणि गवत? ते विसरलं गेलेलं नाही. १९७० मध्ये हेक्लाच्या राखेतल्या फ्लोराइडनं हजारो मेंढ्या आणि कोकरं मेली, तेव्हा जुनी ओळख ताजी झाली. एप्रिल २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल हा ज्वालामुखी फुटला, युरोपातली एक लाखाच्या आसपास विमान-उड्डाणं रद्द झाली आणि जगभरच्या बातम्यांत फक्त विमानतळावर अडकलेले प्रवासी दिसत होते. त्याच दिवसांत ज्वालामुखीच्या पायथ्याचे शेतकरी तोंडाला फडकी बांधून, राखेच्या करड्या अंधारात घोडे आणि मेंढ्या हाकत गोठ्यात आणत होते. दारांच्या फटी बंद करून त्यांनी आत साठवलेला जुना चारा टाकला, आणि बाहेरच्या राखेचे नमुने फ्लोराइड मोजायला प्रयोगशाळेत गेले.