बॅटवर बेब रूथची सही आहे म्हणजे ती रूथची बॅट असं नसतं

अमेरिकेत गराज सेलला (लोक घरातल्या जुन्या वस्तू विकायला काढतात तिथे) फिरताना कधीतरी जुनी लाकडी बेसबॉल बॅट दिसते, लुईव्हिल स्लगर या बॅटींच्या ब्रँडची, त्यावर जुन्या काळातला प्रसिद्ध बेसबॉलपटू बेब रूथची सही, आणि विकणारा मनापासून सांगतो की साइन्ड आहे. आधी त्या सहीवरून बोट फिरवा. लाकडात खोल गेलेली असेल तर ती कारखान्यात डागलेली आहे, आपल्याकडे दुकानातल्या क्रिकेट बॅटवर खेळाडूची छापील सही असते तसंच. १९०५ मध्ये होनस वॅग्नर या बेसबॉलपटूने त्यासाठी करार केला तेव्हापासूनची ही पद्धत, आणि अशा बॅटी पोराटोरांनी खेळायला दुकानात विकल्या जायच्या.

खरा घोळ पुढेच आहे, कारण करार असलेल्या खेळाडूला कारखान्यातून स्वतःसाठी बॅटी यायच्या त्यांच्यावरही तीच डागलेली सही असायची (करार नसेल तर साध्या कॅपिटल अक्षरात नाव). मग दुकानातली कुठली आणि मॅचमधली कुठली?

मी तरी आधी नॉब बघते, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोल भाग. तिथे ३३, ३४ असा नुसता आकडा असेल तर ती इंचातली लांबी, दुकानातली बॅट. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळाडूंच्या बॅटींवर तिथे मॉडेल नंबर असायचा, उदाहरणार्थ आर ४३, आणि यातलं अक्षर ज्याच्यासाठी ते मॉडेल पहिल्यांदा बनलं त्याच्या आडनावाचं, त्यामुळे रूथसाठी बनलेलं आर ४३ दुसराच कोणी वापरत असू शकतो. बॅटच्या मधल्या भागावरच्या कंपनीच्या शिक्क्यातला १२५ हा आकडा बघून लोक खूश होतात पण तो चांगल्या प्रतीच्या दुकानी बॅटींवरही असतो, एकट्या त्याच्यावर जाऊ नका.

वापराच्या खुणांचंही तसंच. गल्लीतल्या पोरांनी दहा वर्षं बडवलेली दुकानातली बॅटपण झिजते आणि तडकते. म्हणून खूण आहे का एवढंच बघून भागत नाही, ती त्या खेळाडूशी जुळते का ते बघायचं. शिक्का वर ठेवून मारायची पद्धत, त्यामुळे बॉलचे डाग एका बाजूला जमतात आणि डावखुऱ्याचे उजव्याच्या उलट बाजूला येतात. शिवाय पाइन टार (पकड घट्ट राहावी म्हणून लावायचा चिकट पदार्थ) कुठपर्यंत लावलंय, डगआउटमधल्या रॅकचा रंग घासून लागलाय का. रूथने तर एका बॅटवर होमरनमागे (आपल्या सिक्सरसारखा मोठा फटका) एक अशा शिक्क्याभोवती खाचा पाडल्या होत्या, २१ खाचांची ती बॅट लुईव्हिलच्या म्युझियममध्ये आहे.

आता शाईची सही. ती खरी असली तरी त्याने बॅटला हात लावला इतकंच कळतं, खेळला की नाही ते नाही, कारण नवी कोरी बॅटही सही करून देता येते. पेनही बघा, शार्पी हे मार्कर पेन १९६४ मध्ये आलं आणि रूथ १९४८ मध्येच गेला.

मॅचमध्ये वापरलेली आणि सही केलेली, या दोन्ही गोष्टी खऱ्या असलेली बॅट फार क्वचित मिळते. १८ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमचा पहिला होमरन रूथने ज्या बॅटने मारला ती त्याने पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये होमरनची स्पर्धा जिंकलेल्या एका मुलासाठी स्वतः सही करून दिली, आणि २००४ मध्ये ती लिलावात १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली.