सिगारेट नाही, पण पानात जर्दा

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य पाहणीत २००४ साली अल्पसंख्याक समाजांची खास दखल घेतली गेली. धूम्रपानाचं प्रमाण बांगलादेशी पुरुषांमध्ये ४० टक्के निघालं, पाकिस्तानी पुरुषांमध्ये २९, तर भारतीय वंशाच्या पुरुषांमध्ये २०. देशातल्या एकूण पुरुषांचा आकडा होता २४. या तिघांना ‘दक्षिण आशियाई’ म्हणून एकाच रकान्यात बसवलं, की बांगलादेशी वस्तीतला खरा प्रश्न सरासरीत बुडून जातो.

बांगलादेशी स्त्रियांमध्ये धूम्रपान अवघं २ टक्के. पण तंबाखू चघळणाऱ्या स्त्रिया होत्या १६ टक्के. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात राहणारी बहुतेक बांगलादेशी कुटुंबं मूळची बांगलादेशातल्या सिल्हेटची. जेवणानंतर आणि पाहुण्यांसमोर पानाचं तबक यायचंच, आणि त्यात जर्दा किंवा सुकं तंबाखूचं पान. सिगारेट ओढणारी बाई घरात नावं ठेवून घेईल, पान खाणारीला कोण काय म्हणणार? म्हणून नुसतं ‘सिगारेट ओढता का?’ विचारलं, तर ‘नाही’ हे उत्तर खरंच असतं, आणि तंबाखू मात्र निसटते.

या पाहणीत लाळही तपासली होती. तंबाखूतल्या निकोटिनचं यकृतात कोटिनीन होतं आणि ते लाळेत दोन-तीन दिवस सापडतं. धूम्रपान करत नाही असं सांगणाऱ्या काही बांगलादेशी आणि पाकिस्तानी स्त्रियांच्या लाळेत ते चांगलंच आढळलं. कोटिनीन धुरातून आलं की पानातून, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी मोकळेपणाने बोलणारी, त्यांची भाषा जाणणारी आरोग्यसेविकाच हवी.

दारूच्या बाबतीतही सगळ्यांना एकाच रकान्यात बसवून चालत नाही. ९७ टक्के बांगलादेशी आणि ८९ टक्के पाकिस्तानी पुरुषांनी आपण पीत नसल्याचं सांगितलं. उलट, इंग्लंडमधल्या पंजाबी शीख पुरुषांमध्ये दारूमुळे यकृत बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. शिक्का एकच, ‘आशियाई’!

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सुपारीची, कारण तिला कुणी व्यसनच मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. तिच्यातल्या ॲरेकोलिन या रसायनामुळे गालाच्या आतल्या थरात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू साचतात, आणि सुपारीतलं तांबं ते तंतू आणखी घट्ट करतं. हळूहळू तिखट सोसवत नाही, मग तोंड पुरतं उघडत नाही. आकसलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, आणि काहींना पुढे कर्करोग होतो. सुपारी लवकर सुटली, तर निदान आजार वाढायचा थांबू शकतो.

आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ विचारा. ‘नाही’ म्हणेल, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. दवाखान्यातल्या केसपेपरवर मिश्री, जर्दा, सुपारी, मावा असे वेगवेगळे प्रश्न हवेत, आणि उत्तर काहीही आलं तरी तोंड उघडायला सांगून आत बघायला हवं.