रस्त्यावरील झाडांची नागरिकांकडून निगा (मुंबई)

मुंबईत रस्त्याकडेच्या सार्वजनिक झाडांची त्या त्या वस्तीतील रहिवाशांनी विनामोबदला घेतलेली देखभाल. वृक्षारोपणाशी तिची गल्लत केली जाते. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग झाडावर लादलेल्या वस्तू उतरवण्यात जातो.

महानगरपालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २९.७५ लाख झाडे आढळली आणि त्यांपैकी जेमतेम १.८५ लाख रस्त्याकडेची होती. १८९६ च्या प्लेगनंतर, शहराच्या सुधारणेसाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आखले. तिथली दुतर्फा झाडी आजही शहरात उठून दिसते. अन्यत्र पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, भेंड, वड व पिंपळ यांची सरमिसळ आहे. यांतील पर्जन्यवृक्ष व गुलमोहर मूळचे परदेशी असले, तरी मुंबईकराला ते परके वाटत नाहीत. पिठ्या ढेकूण या किडीच्या प्रादुर्भावाने अलीकडे अनेक पर्जन्यवृक्ष वठले.

खिळे काढणे हे सर्वांत परिचित काम होय. क्लासच्या, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या फाटून जातात, पण खिळे सालीत राहतात आणि त्या जखमेतून बुरशी व कीड आत शिरते. पक्कड आणि कटावणी घेऊन रविवारी सकाळी निघालेला गट एकेका खोडातून मूठमूठ गंजके खिळे काढतो. मात्र सालीने गिळलेला खिळा उकरू नये, कारण त्याने जखम वाढते. आठवड्यातून एक दिवस आंघोळ टाळून पाणी वाचवण्याच्या कल्पनेवरून नाव घेतलेल्या ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने खिळेमुक्त झाडांची मोहीम महाराष्ट्रभर पोहोचवली.

सिमेंटचा प्रश्न अधिक अवघड आहे. पदपथ नव्याने करताना पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले जातात. मग पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही, मुळांची वाढ खुंटते आणि वादळात झाड मुळासकट आडवे होते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात शहरातील शेकडो झाडे कोसळली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिलेल्या आदेशात झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे सिमेंट हटवण्यास सांगितले होते आणि मुंबईतील नागरिकही त्याचाच दाखला देतात. फरशी उखडल्यावर खाली बहुधा बांधकामाचा राडारोडाच सापडतो. तो उपसून, माती व शेणखत घालून आळे करावे लागते आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे लागते. हा पाला रोज झाडून नेणाऱ्या सफाई कामगाराची समजूत घालणे हेही कामच आहे. जुने ट्री-गार्ड वेळेत कापले नाहीत, तर ते खोडात रुततात. वटपौर्णिमेनंतर वडाभोवतीचे नायलॉनचे दोरे सोडवताना मात्र श्रद्धेला धक्का लागणार नाही, हे पाहावे लागते.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये फांदीही परस्पर तोडता येत नाही. छाटणी उद्यान विभागामार्फत, मुख्यतः पावसाळ्यापूर्वी होते आणि ती एकाच बाजूने झाल्यास झाडाचा तोल बिघडतो. त्यामुळे जाणते स्वयंसेवक त्या वेळी हजर राहतात. झाड तोडण्याचा प्रस्ताव आल्यास खोडावर नोटीस लावली जाते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. दिसताक्षणी तिचे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय या गटांना असते, कारण पावसात तो कागद तितके दिवस टिकत नाही.