घराच्या प्लॅनला शेजाऱ्यानं हरकत घेतली तर काय करायचं? (कोल्हापूर)

पेठेतलं जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलं की शेजारचा हरकतीचा अर्ज आलाच म्हणून समजा. पण अर्ज पडला म्हणजे परवाना गेला असं धरून लोक आधीच हबकतात आणि कुणाला तरी मध्ये घालून पैसे मोजत बसतात, त्याची काही गरज नसते.

मुळात घराच्या परवान्याला शेजाऱ्याची एनओसी सहसा लागतच नाही. महापालिका मुख्यतः दोन गोष्टी बघते, जागा तुमची आहे का आणि नकाशा 2020 च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये (बांधकामाची एकत्रित नियमावली) बसतो का. जागा किंवा भिंत सामाईक असेल, मिळकत पत्रिकेवर भावाबहिणींची नावं एकत्र असतील तर मात्र त्यांची संमती लागते, आणि खरी भांडणं बहुतेक तिथंच असतात.

प्लॅन आर्किटेक्टच ऑनलाइन टाकतो. तुम्ही द्यायचं ते म्हणजे मिळकत पत्रिका (उपनगरात कुठं कुठं सातबारा), खरेदीखत, मोजणी नकाशा आणि घरफाळा भरल्याचा दाखला. कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या 42 गावांपैकी असाल तर आपली फाइल महापालिकेत नाही, प्राधिकरणाकडं जाते.

यातला मोजणी नकाशा सगळ्यात महत्त्वाचा. भूमी अभिलेखकडून मोजणी होते तेव्हा लगतधारकांना नोटीस जाते, म्हणजे हद्दीबद्दल शेजाऱ्याला बोलायची जागा ती. मोजणी न करता जुन्या कुंपणावरून प्लॅन काढला की पुढं "आमच्या बोळात फूटभर आलाय" याला तुमच्याकडं उत्तरच नसतं. आधी मोजून घ्या, पाडकाम नंतर.

आता हरकत आलीच, तर पहिल्यांदा त्या अर्जाची कॉपी मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. एकाच कागदावर सगळं कोंबलेलं असतं: आमचा उजेड जातो, पागोळीचं पाणी आमच्या भिंतीवर पडतं, वरच्या मजल्यावरून आमच्या न्हाणीत दिसतं, शिवाय 1 फूट जागा आमची. वाचून राग येतो, पण राग बाजूला ठेवून प्रत्येक मुद्दा वेगळा काढा. मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) कमी सोडलंय, उंची जास्त आहे, निळ्या पूररेषेत (नदीच्या पुराची आखलेली हद्द) येतंय, हे नियमाचे मुद्दे, यावर ऑफिसला बघावंच लागतं आणि चूक असेल तर नकाशा दुरुस्त करून द्यायचा, वाद घालायचा नाही. हद्द आणि मालकीचा मुद्दा असेल तर मोजणी नकाशा जोडा, महापालिका मालकी ठरवत नाही, ते काम दिवाणी कोर्टाचं. उजेड-वाऱ्याचा हक्कसुद्धा तसाच, 1882 च्या इझमेंट कायद्यात 20 वर्षांच्या वहिवाटीची अट आहे आणि ती शेजाऱ्यानं कोर्टात सिद्ध करायची असते. पागोळीचं मात्र माझं मत विचाराल तर पाइप लावून पाणी आपल्या बाजूला घ्या, एवढ्या खर्चात निम्मी भांडणं मिटतात.

नोटीस आली की म्हणणं लेखी द्या, मुद्द्याला मुद्दा, सोबत कागद, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. सुनावणीला आर्किटेक्टला घेऊन जा. तोंडी "होईल ओ तुमचं" यावर विसंबून राहू नका.

शेजारी मनाई हुकूम आणणार अशी कुणकुण लागली तर वकिलाकडून कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात आधीच दिलेला अर्ज) लावून ठेवा, 90 दिवस चालतं, नंतर पुन्हा लावायचं. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरता येतं, पण नकाशा पूर्ण नियमात असेल तरच, म्हणून एवढ्या आधारावर खोदाई सुरू करू नका, आधी वकिलाला दाखवा. परवाना नाकारला तर कलम 47 खाली शासनाकडं अपील आहे, मुदत 40 दिवस. आणि खोटं दाखवून परवाना घेतला असेल तर तो नंतरही रद्द होऊ शकतो, तेव्हा शेजाऱ्याची भिंत नकाशात जिथं आहे तिथंच दाखवा.