अन्न आणि पोषण: या नोकऱ्या आल्या कुठून?

ठाण्यातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, अन्न आणि पोषण या विषयात पुढे काय करता येतं? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: डाएटिशियन. ते चूक नाही, पण फार अपुरं आहे. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक नोकरी कुठल्या तरी रोगातून, कायद्यातून किंवा बाजाराच्या गरजेतून जन्मली. ही गोष्ट मुलांना आधी सांगितली, तर वाट निवडणं खूप सोपं होईल, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात झाली ती बेरीबेरीपासून. गिरणीत कोंडा काढून पांढराशुभ्र केलेल्या तांदळातून ‘ब१’ जीवनसत्त्व निघून जातं आणि भातावरच जगणारी माणसं या रोगाने खंगतात. त्याचा शोध घेण्यासाठी ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये आजच्या तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत काम सुरू केलं. त्या खोलीची पुढे प्रयोगशाळा झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं. भारतीय अन्नपदार्थांत काय किती असतं याचे तक्ते तिथेच तयार झाले. २०१७ च्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत. रुग्णालयातली आहारतज्ज्ञ मधुमेह्याच्या दोन भाकऱ्यांचा हिशोब मांडते तो अशाच तक्त्यांच्या आधाराने.

मुंबईत मात्र या विषयाची दोन घरं झाली. पोषण गेलं गृहविज्ञानाकडे, म्हणजे एसएनडीटी आणि १९५५ साली सुरू झालेल्या निर्मला निकेतनसारख्या मुलींच्या संस्थांत. अन्न तंत्रज्ञान गेलं माटुंग्याच्या यूडीसीटीकडे, १९३३ साली स्थापन झालेल्या आजच्या आयसीटीकडे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी). या वाटणीने नुकसान झालं. ‘न्यूट्रिशन मुलींचं, फूड टेक मुलांचं’ हा समज आजही पालकांच्या बोलण्यात ऐकू येतो.

तो समज खोटा ठरवायला कमला सोहोनी हे एकच नाव पुरेसं आहे. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत आणि अखेर अटी घालून का होईना, प्रवेश द्यावा लागला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन त्या परतल्या, कुन्नूरच्या प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं, मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. पुढे ग्राहक चळवळीत शिरून भेसळीबद्दल लोकांना सावध केलं. संशोधन, अध्यापन, ग्राहकहित या आज वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या वाटा त्या एकट्या चालल्या.

भेसळीविरुद्धचा कायदा १९५४ चा. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यातली एक अट विद्यार्थ्यांनी नीट वाचावी: परवानाधारक उत्पादकाने उत्पादनावर देखरेखीसाठी किमान एक तांत्रिक व्यक्ती नेमली पाहिजे. रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अन्न व पोषण यातली पदवी, नाहीतर अन्न तंत्रज्ञानाची पदवी वा पदविका, त्यासाठी चालते. म्हणजे साध्या बीएस्सीलाही इथे दार उघडं आहे. फरसाणाच्या पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहा. सुरुवातीला ११५ असेल तर तो महाराष्ट्राचा राज्य परवाना.

आणि ही दारं आपल्या उंबऱ्याशीच आहेत. १९६२ साली एमआयडीसीचं काम सुरू झालं तेच वागळे इस्टेटमधून. भायखळा, क्रॉफर्ड मार्केटकडचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीत आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि आयात अन्नाचे नमुने तपासण्याचं काम त्याच्यासोबत आलं. २००० साली वाशीत मसाल्यांवर विकिरण प्रक्रिया (जंतू मारण्यासाठी किरणांचा मारा) करणारा अणुऊर्जा खात्याचा प्रकल्प उभा राहिला. अमेरिकेने हापूसला २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर. किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) मात्रा दिली की कोयीत लपलेली कीड पुढे वाढू शकत नाही. सुरुवातीला त्यासाठी आंबा लासलगावला जायचा, नंतर वाशीतही सोय झाली. हंगामात तिथे मात्रा मोजणं, पेट्या तपासणं, नोंदी ठेवणं हे सगळं अन्नविज्ञानाचंच काम.

आपल्या ठाणे जिल्ह्याची दुसरी बाजू फार वेदनादायक आहे. जव्हार तालुका ठाणे जिल्ह्यात होता तेव्हा, १९९२-९३ च्या सुमारास, वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि राज्य हादरलं. २०१४ मध्ये जव्हार, मोखाडा पालघरमध्ये गेले, शहापूर आणि मुरबाडचे आदिवासी पाडे ठाण्यातच राहिले. १९७५ पासूनच्या अंगणवाडी योजनेला २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेची जोड मिळाली. तिथे पोषणतज्ज्ञाच्या हातात एक साधी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की ते अतितीव्र कुपोषित. हे काम करणारी शिकलेली माणसं आपल्याला अजून खूप हवी आहेत, आणि करिअर मेळाव्यात त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

२०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ त्यात आले. ज्यांना रुग्णालयाकडे किंवा सार्वजनिक आरोग्याकडे वळायचं आहे त्यांनी पदव्युत्तर प्रवेश घेण्याआधी, आपला अभ्यासक्रम या कायद्याखालच्या नोंदणीला चालेल का, हे महाविद्यालयाला लेखी विचारावं.